नागपूरच्या सीताबर्डीवरचं, म्हणजे बर्डीवरचं, बिननावाचं दुकान: फुगलेली लॅपटॉप बॅटरी काढून आणली, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. त्या दादांनीच नको म्हटलं, एकटा माणूस आहे, गर्दी झाली की काम बिघडतं म्हणे. आणि खरं सांगू का, नाव लिहायला बोर्डावर अक्षरंही धड उरलेली नाहीत, नागपूरच्या उन्हात लाल रंगाचा पार गुलाबी झालाय आणि नुसतं "प्युटर" एवढंच वाचता येतं. कसं जायचं ते खाली सांगतेच.

तर मे महिना, १४ तारीख. ज्यांचं जीएसटीचं काम असतं त्यांना बरोबर कळेल, २० तारखेला थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायची असते आणि त्याआधीचा आठवडा म्हणजे घरी पाहुणे आले तर चहा त्यांनीच करून प्यावा असा असतो. त्यात माझ्या लॅपटॉपचं टचपॅड दाबलं जाईना. बोट फिरवलं की बाण फिरायचा पण क्लिक काही व्हायचं नाही, अंगठ्यानं जोर लावला तरी नाही. मला वाटलं कूलरसमोर ठेवते म्हणून ओल गेली असेल, माऊस लावला आणि पुढं सुरू. दोन दिवसांनी लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर मी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली. हसू नका. त्या दिवशी संध्याकाळी झाकण मिटवायला गेले तर समोरून नखभर फट राहिली, मग उलटा करून पाहिला आणि पोटात गोळाच आला, खालचं पॅनल मधोमध वर आलेलं, तेलात सोडलेल्या पुरीसारखं टम्म.

आमच्याकडं नणंदेचा मुलगा राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे जगातलं सगळं येतं. तो पोट्टा म्हणे, "मामी, बॅटरी फुगली. काही टेन्शन नाही, मी काढून देतो, यूट्यूबवर आहे." आणि हातात काय तर स्वयंपाकघरातली भाजी कापायची सुरी. मी सुरी काढून घेतली तर दुसरा उपाय, "मंग फ्रीजरमध्ये ठेवू, थंडीनं फुगवटा उतरते." फुगवटा उतरत वगैरे काही नाही हे मला नंतर कळलं, आतला द्रव रासायनिकदृष्ट्या बिघडून त्याचा गॅस होतो आणि तो बॅटरीच्या पाकिटात अडकतो, एकदा झालेला गॅस थंडीनं काही परत द्रव होऊन बसत नाही, उलट फ्रीजमधून काढल्यावर दमट हवेचं पाणी धरतं ते वेगळंच. पण त्या वेळी मी फक्त एवढंच म्हटलं की माझ्या फ्रीजरमध्ये आंब्याचा रस आहे, तिथं तुझं काही ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच भागातल्या एका दुकानात घेऊन गेले, त्रिमूर्ती नगरपासून काही लांब नाही, नाव नको. तिथल्या भाऊनं लॅपटॉप उलटा केला, अंगठ्यानं तो फुगवटा दाबून पाहिला (दाबून!), आणि अगदी सहज म्हणाला, "नवीन टाकायची गरज नाही मॅडम, टाचणीनं बारीक होल मारून हवा काढून देतो, वरून टेप मारतो, वर्षभर चालते. २०० रुपये." मला यातलं काही कळत नव्हतं तरी आतून कोणीतरी म्हटलं की बाई निघ इथून. निघाले. आता कळतं की माझं नशीब, कारण त्या पाकिटाच्या आत दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक कागदाहून पातळ पडदा अशी घडी वर घडी असते, टाचणी दोन पत्र्यांना एकदम टेकली की आतल्या आत शॉर्ट, आणि तिथला द्रव पेट घेणारा. टायरची हवा नाही ती काढून टाकायला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही फोन केला होता. जमा करा, पार्ट मागवू, ८ ते १० दिवस, आणि डेटाची जबाबदारी तुमची. वॉरंटीत असता तर मी तिथंच दिला असता आणि तुम्हीही तसंच करा, पण माझा चार वर्षांचा झालेला आणि २० तारीख डोक्यावर.

मग आमचे एक क्लायंट आहेत, बर्डीवर कपड्यांचं दुकान आहे त्यांचं, ते म्हणाले ताई आमच्या मागच्या गल्लीत एक माणूस बसतो, तिरसट आहे पण काम पाहा.

तिरसट आहेच. पहिलं वाक्य काय, "आणला कशात?" मी म्हटलं ॲक्टिव्हाच्या डिक्कीत. माणसानं कपाळाला हात लावला. "ताई, बाहेर ४५ डिग्री आहे, डिक्की म्हणजे भट्टी, त्यात खाली इंजन, त्यात फुगलेली बॅटरी. मांडीवर घेऊन ऑटोनं यायचं होतं." खरं तर मीही त्या डिक्कीत एकदा लिपस्टिक विसरले होते आणि तिचं काय झालं ते आठवलं, त्यामुळं गप्प बसले.

दुसरा प्रश्न, "चार्जिंग किती आहे?" मी अभिमानानं सांगितलं ७८ टक्के, मला वाटलं चार्ज करून आणला तर चांगलंच असेल. तर म्हणे, "मंग आत्ता नाही खोलत. २५ च्या खाली आल्याशिवाय हात लावत नाही मी." मी म्हटलं दादा घाई आहे हो, रिटर्न भरायचे आहेत. त्यावर, "घाई असन तं बाजूला जा, ते दहा मिनिटात काढून देते. मी नाही देत." आणि परत आपल्या सोल्डरिंगकडं वळला.

आता इथं मला राग आला होता हे कबूल करते. पण बसले, कारण परत त्या उन्हात निघायची हिंमत नव्हती. थोड्या वेळानं त्यांनीच समजावलं, त्यांची सांगायची तऱ्हा मला आवडली. बॅटरीत जेवढा चार्ज जास्त तेवढा साठवलेला जोर जास्त. काढताना चुकून काही घसरलं, टोचलं, वाकलं तर भरलेल्या बॅटरीचा भडका आणि जवळपास रिकाम्या बॅटरीचा धूर यात फरक आहे. भरलेल्या सिलेंडरवर वेल्डिंग करतो का कोणी, असं विचारलं त्यांनी. फुगलेली असेल तर चार्जरला परत लावायची नाही, नुसती उतरू द्यायची, आणि तेही डोळ्यासमोर, गादीवर वगैरे नाही. त्यांच्या काउंटरच्या टोकाला एक फरशीचा तुकडा आहे, त्यावर माझा लॅपटॉप ठेवला, बाजूला काही जळण्यासारखं नाही, पंख्याचा वारा. आणि उतरवायला काय, तर बॅकअप. "नाहीतरी घ्यायचाच आहे, तर आत्ताच घ्या, बॅटरीपण उतरन." स्क्रीनचा उजेड फुल केला, माझीच हार्ड डिस्क लावली, आणि चार वर्षांचे क्लायंटचे फोल्डर कॉपी व्हायला लागले. हिशोबाची बाई असल्यामुळं सांगते, एका खर्चात दोन कामं झाली की मला माणूस लगेच आवडायला लागतो.

तेवढ्यात त्यांनी एक रिपोर्ट काढून दाखवला, हे तुम्हाला घरीही करता येतं, विंडोजमध्ये ती काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून पॉवरसीएफजी टाइप करायचं, मग एक स्पेस, एक तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट, सगळं अर्थात इंग्रजी अक्षरात. एक पान तयार होतं. त्यात बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि आता किती साठवते हे शेजारी शेजारी लिहिलेलं असतं, माझी नवी असताना ४५ वॅट-अवरची होती, आता २६. म्हणजे निम्मी झाली म्हणा ना. कारण विचारलं तर म्हणे तुम्ही दिवसभर चार्जर लावून ठेवत असाल. हो मग, काढून कशाला ठेवू! तर तेच चुकतं. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी खातात, गरमी आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलावर चोवीस तास प्लग लावलेला लॅपटॉप म्हणजे दोन्ही एकदम. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते. माझ्यातही होती, चार वर्षं होती, मी कधी उघडून पाहिली नाही.

दीड तास लागला. मधे मी खाली जाऊन उसाचा रस पिऊन आले, व्हरायटी चौकात मोसंबीच्या ज्यूसचा भाव ऐकून परत आले, तोपर्यंत २२ टक्के. मग खरं काम सुरू झालं आणि ते मी काउंटरच्या अलीकडून पूर्ण पाहिलं, कारण त्यांनी पाहू दिलं, हा या दुकानाचा एक मोठा प्लस पॉइंट. बहुतेक ठिकाणी लॅपटॉप आत पडद्यामागं जातो आणि बाहेर येतो तेव्हा दोन स्क्रू कमी असतात.

पहिले लॅपटॉप पूर्ण बंद. यातही गंमत आहे, विंडोजमध्ये नुसतं शटडाऊन केलं की बऱ्याचदा तो अर्धवटच झोपतो, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून, तर शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन करायचं म्हणजे पूर्ण बंद होतो. मग चार्जर, माऊसचं ते बारीक डोंगल, हार्ड डिस्क, सगळं काढलं. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं, आत जो काही उरलासुरला करंट असेल तो जावा म्हणून. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग) आतली बॅटरी बंद करायचा वेगळा पर्याय असतो, लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये आहे, तो असला तर आधी तो वापरतात. माझ्यात नव्हता.

मग त्यांनी बोटातली अंगठी काढली, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ काढलं. आणि मला म्हणे, "ताई, बांगड्या घालून वाकू नका इकडं." मला आधी कळलंच नाही. धातू चुकून कनेक्टरच्या दोन टोकांना एकदम टेकला तर तिथंच शॉर्ट, अंगठी लाल होऊन बोट भाजल्याच्या गोष्टी आहेत म्हणे. सरकले मागं.

स्क्रू दहा. आठ दिसत होते, दोन मागच्या रबरी पायांच्या खाली लपलेले, हे ज्याला माहीत नाही तो सुरी घालून पॅनल उपटतो आणि मग प्लास्टिक तुटतं (मी भाच्याकडं पाहिलं नाही, तो तेव्हा घरी होता, पण मनातल्या मनात पाहिलं). खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेनानं लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथला तो तिथंच पुठ्ठ्यात टोचून ठेवला. मला वाटलं काय हा पसारा, डबीत टाकायचे ना. तर म्हणे मधले चार आखूड आहेत आणि कडेचे लांब, लांब स्क्रू आखूडच्या जागी फिरवला तर तो खाली मदरबोर्डात घुसतो, मग बॅटरीच्या कामाचं मदरबोर्डचं काम होतं. आणखी एक, बॅटरी फुगलेली असली की पॅनल आतून दाबाखाली असतं, म्हणून एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसरा असं करायचं नाही, आडव्या कोपऱ्यातले थोडे थोडे सैल करत जायचं, गाडीचं चाक खोलतो तसं, नाहीतर एक बाजू फटकन उघडते आणि दुसरीकडचे क्लिप तुटतात.

पॅनलच्या फटीत त्यांनी गिटार वाजवायचं असतं ना, तसलं तिकोनी प्लास्टिक घातलं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, आत खोल नाही, कारण पॅनलच्या लगेच मागं बॅटरीच आहे. टक टक टक करत क्लिप सुटले आणि उघडल्यावर दिसलं, तीन चपटी काळी पाकिटं शेजारी शेजारी, कडेची दोन ठीकठाक आणि मधलं उशीसारखं. टचपॅड का दाबलं जात नव्हतं ते दिसलं, उशी बरोबर त्याच्या पाठीवर बसली होती.

इथं त्यांनी थांबून वास घेतला. म्हणजे खरंच, वाकून. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर पाकीट फुटलंय असं समजायचं, तिथंच सोडायचं, खिडक्या उघडायच्या आणि लांब जायचं. वास नव्हता.

मग काहीही हलवायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, बाकी कशालाही हात लावायच्या आधी हा सुटला पाहिजे, तोपर्यंत बोर्डात करंट असतो. वायर धरून ओढायचं नाही, प्लास्टिकच्या चपट्या पट्टीनं कनेक्टरच्या दोन्ही कडा आळीपाळीनं ढकलायच्या, माझा सरकून निघणारा होता, काहींचा वर उचलून निघतो, कुठला आहे ते आधी पाहायचं. तो निघाल्यावर स्पीकरची बारीक वायर बॅटरीवरून गेलेली होती ती बाजूला केली, चार स्क्रू काढले, आणि बॅटरी उचलली ती त्या काळ्या फ्रेमला धरून, दोन्ही हातांनी, आडवीच्या आडवी, ताटात पाणी भरून नेतो तशी. पाकिटांना बोट नाही लावलं. कनेक्टरवर पिवळी टेप गुंडाळली आणि बॅटरी गेली काउंटरखालच्या रंगाच्या डब्यात, त्यात निम्म्यापर्यंत कोरडी रेती. मी हसत विचारलं हे काय, तर म्हणे हा डबा मागच्या उन्हाळ्यात एकदा कामी आला आहे, आणि त्यापुढं काही बोलले नाहीत.

टचपॅड तिथल्या तिथं सपाट झालं. टिक. टिक. इतका गोड आवाज.

हे सगळं, म्हणजे खोलण्यापासून रेतीपर्यंत, फार तर वीस मिनिटं. काढायचे ४५० घेतले. भागातल्या दुकानात २०० सांगितले होते त्यामुळं घरी आल्यावर यांनी लगेच हिशोब मांडला की अडीचशे जास्त दिले. मी म्हटलं ते अडीचशे त्या दीड तासाचे आहेत ज्यात त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही.

मी तिथं असतानाच एक पोरगा १५ इंची जुनं मॅकबुक प्रो घेऊन आला, त्याचंही पोट वर आलेलं. दादांनी पहिले साल विचारलं, २०१५ मधलं निघालं, तर म्हणे ठेव बॅगेत, पहिले ॲपलच्या साइटवर सीरियल नंबर टाकून पाहा. ॲपलनं २०१९ मध्ये नेमकं हेच मॉडेल, सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ मधे विकलेलं, बॅटरी गरम होते म्हणून परत बोलावलं होतं आणि बॅटरी फुकट बदलून देत होते, तेव्हा तर आपल्या डीजीसीएनंही (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ते विमानात नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. तुझा नंबर त्यात निघाला तर मला पैसे कशाला देतो, असं म्हणून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. नाही निघाला तर एक दिवस ठेवून जायला सांगितलं, कारण त्यात बॅटरी स्क्रूनं नाही, गोंदानं चिकटवलेली असते, २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून तसंच आहे, तिथं गोंद सैल करायला लिक्विड सोडून, थांबून, दाताला वापरतात त्या धाग्यानं करवतीसारखं कापत कापत काढावं लागतं. पोरानं विचारलं हेअर ड्रायरनं गरम करून नाही का निघत, त्यावर जे उत्तर मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि उलट बाजूनं, माझ्या सासऱ्यांचा जुना जाड लॅपटॉप आहे, त्याचं मी विचारलं तर म्हणे ते काम माझ्याकडं आणूच नका. त्याला खाली दोन खटके असतात, एक सरकवला की तिथंच राहतो, दुसरा स्प्रिंगचा, तो दाबून धरायचा आणि बॅटरी सरकवून बाहेर. बंद करा, चार्जर काढा, उलटा करा, काढा. फक्त अडकली तर पेचकसानं उचकायची नाही. घरी येऊन बाबांना करून दाखवलं, ते म्हणाले हे मला माहीतच होतं.

आता नवीन बॅटरी. इथं माझी थोडी तक्रार आहे. त्यांच्याकडं दोन पर्याय होते, कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीची, पण त्यात बसणारी) २,२०० ला लगेच, ओरिजिनल ४,३०० ला, मुंबईहून येणार, चार दिवस. मी ओरिजिनल सांगितली. आल्यावर त्यांनी जुनीचा आणि नवीचा पार्ट नंबर शेजारी ठेवून दाखवला, व्होल्टेज जुळवून दाखवलं, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) तो शिक्का आणि त्याच्याखालचा आर पासून सुरू होणारा नंबर दाखवला, हे छान. पण चार दिवसांचे सहा झाले. दोनदा फोन केला, दोनदा "उद्या". तुमच्याकडं एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर पोट असेल तर हे धरून चला.

मधल्या दिवसांत लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालवला. चालतो, माझा तरी चालला, पण सगळे चालतीलच असं नाही, काही सुरूच होत नाहीत, काही हळू होतात. दादांनी बजावलं होतं, लाईट गेली की क्षणात बंद पडणार, सेव्ह करत राहा. आणि १९ तारखेला संध्याकाळी आलंच की ते मे महिन्यातलं वादळ, आधी धूळ, मग खिडक्या आपटल्या, मग टीनाच्या पत्र्यांचा आवाज, आणि लाईट गेली. अर्ध्या तासाची एक्सेल गेली. चूक माझीच. मग शेजारच्या काकूंकडून त्यांच्या मुलाचा यूपीएस उसना आणला आणि रात्री साडेअकराला शेवटचा रिटर्न भरला, २० ची वाट न पाहता.

दुसरी तक्रार बिलाची. बिल मागितलं तर पांढऱ्या चिठ्ठीवर हातानं लिहून दिलं, तारीख आणि रक्कम आणि "बॅटरी ६ महिने वॉरंटी". जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. आता मी हे काम करणारी बाई, माझ्या हातात कच्चं बिल दिलं की मला दातदुखी होते. मी त्यांना तसं म्हटलंही. तर म्हणे तुम्हीच लावून द्या ना ताई सगळं, मला नाही जमत. बघू.

तिसरी गोष्ट, तक्रार म्हणावी की नाही कळत नाही. जुन्या बॅटरीचं पुढं काय करता विचारलं तर म्हणाले महिन्या दोन महिन्यानं ई-कचरावाला येतो तो घेऊन जातो. कुठं नेतो? ते नाही माहीत. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर टाकलेली आहे, बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं ते त्याचसाठी, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. म्हणजे आपल्या घंटागाडीत तर अजिबात नाही, तिथं दाबली गेली की गाडीलाच आग. मग रेतीच्या डब्यातून ती पुढं नीट जागी जाते का हे त्यांना ठामपणे सांगता यायला हवं होतं असं मला वाटलं. बाकी इतका काटेकोर माणूस आणि इथं येऊन हात वर, हे खटकलं.

जायचं असेल तर, व्हरायटी चौकाकडून बर्डीच्या मेन रोडला लागा, मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावाच्या गल्ल्या आहेत त्यातल्या एका गल्लीच्या मागच्या अंगाला, जिना चढून पहिला मजला, जिना अरुंद आणि अंधारा, गुडघे दुखणाऱ्यांनी खालून फोन करावा, ते खाली येऊन घेऊन जातात (कुरकुर करत). गाडी लावायला जागा मिळणार नाही, शोधूच नका. मेट्रोनं जाऊन झाशी राणी चौकाला उतरून चालत जाता येतं, पण फुगलेली बॅटरी घेऊन गर्दीत नको, ऑटोच बरा, आणि पिशवीत त्यावर दुसरं काही रचू नका. दुपारी दोन ते साडेतीन जेवण, तेव्हा शटर अर्धं असतं आणि कोणी कितीही मोठा असला तरी वर होत नाही. रविवारी बंद. यूपीआय चालतं. चार्ज कमी करून न्या म्हणजे माझ्यासारखं दीड तास बसावं लागणार नाही, आणि बॅकअप घरूनच.

पाचपैकी चार स्टार. एक बिलाचा कापला, तो पक्कं बिल मिळालं की परत देईन. उशिराचा अर्धा कापणार होते, पण बॅटरी बसवून दिल्यावर त्यांनी न सांगता आतला पंखा ब्रशनं साफ करून दिला, चार वर्षांची कूलरची धूळ, केवढा तो गोळा निघाला, त्याचे पैसे घेतले नाहीत, तर ते वजा जमा झालं.

भाच्यानं परवा विचारलं, मामी, माझा लॅपटॉपपण थोडा डुगडुगते, तुझ्या त्या दादाचा नंबर दे ना. मी म्हटलं पहिले टेबलाच्या पायाखालची घडी काढ.